हे कुठलं?

आमच्या आत्याला जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल आधी एकच प्रश्न पडतो. भाव, रंग, टिकाऊपणा हे सगळं मागाहून. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, जमलं तर नाकाला लावायची आणि विचारायचं, "हे कुठलं?" उत्तर नीट आलं नाही तर वस्तू जागच्या जागी परत. "दुकानातलं" हे उत्तर ती धरत नाही. दुकानात काय झाड असतंय व्हय, असं म्हणते.

आत्या कागल तालुक्यातली. तिकडच्या रीतीप्रमाणे बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळे तिचा फोन स्पीकरवर असला की शेजाऱ्यांना कुणी काका येणार असं वाटतं. जूनच्या सुरुवातीला तसाच फोन आला. धूळवाफेची पेरणी उरकली होती, पाऊस अजून लागला नव्हता. "मधी दोन दिस मोकळं हायती. येतो."

आम्ही राहतो मुंबईत, गोरेगावच्या आरे कॉलनीत. दादरला घ्यायला येतो म्हटलं, तर "तू कशाला? मी येतो की," म्हणाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरून तिने कुणालातरी "आरेला जायचंय" म्हणून विचारलं आणि त्या भल्या माणसाने तिला थेट भुयारी मेट्रोत बसवलं. इकडे मी हायवेवरच्या आरे स्टेशनाखाली उभा. फोन आला.

"आलो बघ. आरेत हाय."

"मीही आरेतच आहे."

"मग दिसत का न्हाईस?"

आरे नावाची मेट्रो स्टेशनं दोन. एक हायवेच्या डोक्यावर, २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेलं. दुसरं ऑक्टोबर २०२४ मधलं, पार सीप्झच्या अंगाला, त्याच्या नावाला 'जेव्हीएलआर' असं शेपूट आहे. दोन्हींच्या मध्ये सबंध कॉलनी, टेकड्या, तबेले आणि बिबटे. ही नावं ठेवणाऱ्यांना बहुधा आत्या नसावी. "तिथेच थांब, रिक्षाने येतो," असं बजावून मी निघालो, पण आत्या थांबणाऱ्यातली नव्हे. मी अर्ध्या वाटेत असताना समोरून हिरव्या गवताने भरलेला टेम्पो आला आणि ड्रायव्हरशेजारून एक ओळखीचा हात हलला. आमच्या क्वार्टरच्या दारात उतरेपर्यंत तिने ड्रायव्हरचं गाव, त्याच्या मेव्हण्याची नोकरी आणि गवताची जात एवढी माहिती काढली होती. मी तीस वर्षं हे गवत बघतोय. ते पॅरा गवत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग चहा झाला. पहिल्या घोटालाच कप खाली आला.

"दूध कुठलं?"

हिने कचऱ्याच्या डब्यातून रिकामी पिशवी काढून दाखवली. आत्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. पिशवी गोकुळची होती. गोकुळ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ. आत्याच्या दोन म्हशींचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत जातं ते त्याच संघाला.

"अगं, हे आमचंच की," आत्या म्हणाली. "काल सांजंला घालून आलो. सहा-आठ फॅट लागली." आणि थोड्या वेळाने, "म्हंजे मी रातभर रेल्वेत धक्कं खाल्लं आणि माझी म्हस टँकरमधनं माझ्या आधी पोचली!"

हिशेबाने ते कालचं दूध असणं शक्य नव्हतं. पण मी वाद घातला नाही, कारण आत्याने पिशवी धुऊन, घडी घालून कनवटीला लावली होती. गावात पुरावा म्हणून दाखवायला.

तिचा धक्का खरा होता. तिच्या डोक्यातलं आरे माझ्या वडिलांनी बांधलेलं. वडील इथे दूध योजनेत चिकटले आणि दर दिवाळीला गावी जाऊन आरेचं पुराण लावायचे. शहरातले गोठे उचलून म्हशी गोरेगावच्या रानात आणल्या ते खुरोडीसाहेबांनी. १९५१ साली नेहरूंनी येऊन उद्घाटन केलं. बत्तीस तबेले, तीन हजारांहून जास्त एकर, आणि दूध काचेच्या बाटलीत, वर चांदीसारखं टोपण. खुरोडींना १९६३ चा मॅगसेसे मिळाला, तो कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीने, हे वडील अशा थाटात सांगायचे की जोडीला चौथे आपणच होतो. वडिलांनी खुरोडींना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. गावी नेलेल्या एका बाटलीत आत्या अजून रॉकेल ठेवते. त्या बाटलीच्या माहेरी येऊन तिला आपल्याच गोठ्यातलं दूध पाजलं गेलं होतं.

"मला आरेतलं दूध पायजे," तिने जाहीर केलं.

संध्याकाळी तबेल्यावर गेलो. आत्याने म्हशींच्या रांगेतून पाहणी केली. कासेला हात, शिंगांना हात, शेणाकडे एक जाणती नजर. मग भय्याला विचारलं, "म्हस कुठली?" "हरियाणा की, मौसी. मुर्रा." "आणि तू?" "जौनपूर." पेंड कुठली हे विचारू नये म्हणून मी तिला घाईघाईने बाहेर काढलं. दूध मात्र तिने घेतलं, तिथेच फुलपात्रातून धारोष्ण प्यायली आणि मिशी पुसत म्हणाली, "गोड हाय. पण हरियाणाचं हाय."

दुसरा दिवस गोरेगाव पश्चिमेच्या बाजारात गेला. तिथल्या भाजीवाल्यांना मी ओळखतो, म्हणजे परवापर्यंत ओळखत होतो. कांदा लासलगावचा, टोमॅटो नारायणगावचा, बटाटा आग्र्याचा. प्रत्येक गाड्यावर थांबून आत्या गाव विचारायची, मान डोलवायची आणि काही न घेता पुढे. एका वैतागलेल्या पोराने "मावशी, तुम्ही भाजी घेताय की जनगणना?" असं विचारलं. आत्याने त्याचंही गाव विचारलं. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, तो आवडला, दोन खाल्ले. वडा तरी इथलाच, असं मी अभिमानाने म्हणालो. "बटाटा आग्र्याचा," आत्या तोंड पुसत म्हणाली.

दादर तर विचारूच नका. नव्या चपला घ्यायच्या होत्या. दुकानदाराने आतून खास जोड काढला, वाकवून दाखवला, कर्रर्र वाजवला. "कुठलं?" "ओरिजिनल कापशी, मावशी. असली चप्पल कोल्हापुरातसुद्धा मिळायची नाही." सेनापती कापशी आत्याच्या तालुक्यात आहे. तिथला आठवड्याचा बाजार तिचा ठरलेला. दुकानदाराला तिने काहीही सांगितलं नाही, नुसता भाव विचारला आणि ऐकून माझ्या दंडाचा आधार घेतला. साडीच्या दुकानात इचलकरंजी निघाली, तेव्हा मात्र ती फुटपाथवर बसून हसली. "वीस-पंचवीस किलोमीटरवरचं लुगडं बघाया मी मुंबईला आलो!"

(त्याच महिन्यात इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल कुठली हे न सांगता मिरवली आणि इथे गदारोळ उठला. भौगोलिक मानांकन २०१९ लाच मिळालेलं. पहिल्या रांगेत आमची आत्या बसवली असती तर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं.)

दोन दिवसांचे चार झाले ते शेवळांमुळे.

दादरहून परतताना चेकनाक्याजवळ एक बाई गोणपाट अंथरून बसली होती. पुढे करंगळीएवढ्या जाड, तपकिरी-जांभळ्या कोंबांच्या जुड्या आणि पानावर हिरव्या फळांचे वाटे. आमच्या तीस वर्षांच्या रहिवासात मी तिच्यासारख्या बायकांवरून हजारदा गेलो असेन. आत्या उकिडवी बसली. एक कोंब उचलला, उलटा केला, हुंगला.

"हे कुठलं?"

बाईने तोंडाने उत्तर दिलंच नाही. हनुवटी मागे वळवून टेकडी दाखवली.

आत्याने टेकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच हनुवटीच्या टप्प्यातलं काहीतरी मिळालं होतं. बाई केल्टीपाड्याची. आरेत असे सत्तावीस पाडे आहेत, आणि ते दूध योजनेच्या, मेट्रोच्या, आमच्या सगळ्यांच्या आधीचे. मग बाईने आत्याच्या पदराकडे, कुंकवाकडे, भेगाळलेल्या टाचांकडे बघून विचारलं, "तू कुठली?"

हा प्रश्न आत्याला मुंबईत कुणी विचारला नव्हता. ती गोणपाटावर सरकून बसली. मी पिशव्या धरून तासभर उभा होतो. बिबट्या कोंबडी नेतो की कुत्रं, पाऊस कुठल्या नक्षत्रावर लागतो, सून कशी आहे. दोघींची मराठी निम्मी निम्मी वेगळी, पण सुनेच्या मुद्द्यावर शंभर टक्के जुळली.

कोंब म्हणजे शेवळं, हिरवी फळं म्हणजे काकडं. बाईने शेवळं करायची रीत सांगितली. वरची पात सोलायची, आतल्या दांड्याचा खालचा पिवळट रवाळ भाग काढून टाकायचा, बाकी बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालायचाच. नाहीतर खाज सुटते. आत्याने ऐकून घेतलं आणि घरी येऊन काकडं पोरांना खेळायला दिली. "आमच्या कांदा-लसूण चटणीम्होरं खाज टिकतीया व्हय?"

टिकली. पहिल्या घासाला आम्ही सगळे "वा" म्हणालो. दुसऱ्या घासाला कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्याला हिने पाण्याचा तांब्या ओढला आणि माझ्या घशात कुणीतरी घोंगडी विणायला बसलं. मुलगा जीभ बाहेर काढून पंख्याखाली उभा राहिला. आत्या मांडी न मोडता, डोळ्यांतून पाणी काढत, पानातलं सगळं संपवून उठली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उद्या काकडं घालून करू."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चेकनाक्यावर गेली. केल्टीपाड्याची बाई हसून हसून गोणपाटावर आडवी झाली म्हणे. मग काकडांचा रस, मूठभर वाल, वर चिंच. ती भाजी मी काही शब्दांत सांगू शकणार नाही, मटणाच्या जवळपास कुठेतरी होती. हिने टोपाच्या तळाला भाकरी फिरवली.

जाताना आत्याच्या पिशवीत मुंबईची खरेदी म्हणजे: गोकुळची रिकामी पिशवी एक, सुपारीएवढी काकडं वाटाभर, आणि ओल्या फडक्यात बांधलेले शेवळाचे तीन कंद. कंद बाईने पाड्यावरून आणून दिले होते, पैसे घेतले नव्हते. बदल्यात कांदा-लसूण चटणीचा डबा वर गेला होता.

परवा फोन आला. गोठ्यामागे लावलेल्या कंदांना यंदा कोंब आले. अख्खी गल्ली बघायला येते. हे कुठलं, असं विचारलं की आत्या सांगते, मुंबईचं. गावात त्या कोंबांचं नावच 'मुंबईची भाजी' पडलंय. शेजारणीने हौसेने मागून नेली, काकडं न घालता केली आणि रात्री घसा धरून भांडायला आली.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मुंबईचं हाय. खाजणारच."