टाळ्यांसकट

डीप पर्पलची ‘मेड इन जपान’ लावली की आधी गाणं ऐकू येत नाही, माणसं ऐकू येतात. अंधारात बसलेली, कसली तरी वाट बघणारी पुष्कळ माणसं. मग ड्रमवर कुणीतरी काठी टेकवून बघतं, ऑर्गनमधून एक लांबट सूर वाट चुकल्यासारखा बाहेर येतो, आणि या सगळ्या चाळवाचाळवीतून ‘हायवे स्टार’ हळूहळू उभं राहतं. स्टुडिओतल्या तबकडीवरचं गाणं इस्त्री करून, घडी घालून आलेलं असतं. इथे ते आपल्यादेखत कपडे चढवतं. एखाद्याला असं बघू नये म्हणतात. पण ज्याला बघितलं त्याच्याशी आपलं नातं जरा निराळं होतं, हेही खरं.

सत्तरच्या दशकातल्या या लाइव्ह हार्ड रॉक रेकॉर्ड्‌समध्ये एवढं काय आहे, असं आमच्या घरी अधूनमधून विचारलं जातं. विचारण्याचा सूर कुतूहलाचा नसतो. ‘चाइल्ड इन टाइम’ बारा मिनिटं चालतं, आणि त्यातला बराच वेळ इयन गिलन हे गृहस्थ शब्दबिब्द बाजूला ठेवून वरच्या पट्टीत एकेक पायरी चढत जातात. “त्याला काय होतंय?” असा प्रश्न एकदा स्वयंपाकघरातून आला, आणि त्यात खरीखुरी काळजी होती. मी म्हटलं, “काही नाही, जपानात आहे तो.” उत्तर खोटं नव्हतं. समाधान मात्र कुणाचंच झालं नाही, माझंसुद्धा.

तर जपान. १९७२च्या ऑगस्टची १५ आणि १६ तारीख ओसाकात, आणि १७ तारीख टोकियोच्या बुदोकानात. त्याच १५ ऑगस्टला इकडे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. पोरं इस्त्रीचे गणवेश घालून झेंड्याखाली उभी होती, आणि वर आभाळ कोरडं होतं; पुढे ज्याला सगळा महाराष्ट्र नुसतं ‘बहात्तर’ म्हणणार होता तो दुष्काळ दारात आला होता. त्याच संध्याकाळी ओसाकात पाच इंग्रज पोरं ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवत होती. तळ्याकाठचं एक कॅसिनो जळालं आणि धूर पाण्यावर पसरला, एवढीच त्या गाण्याची कथा. इथे पाणीच नव्हतं. हे सगळं एका दिवसात मावतं याचं मला अजून नवल वाटतं; कॅलेंडरचा चौकोन दिसतो त्यापेक्षा बराच ऐसपैस असावा.

गंमत अशी की ही रेकॉर्ड बँडला नकोच होती. जपानी कंपनीला आपल्या गिऱ्हाइकांसाठी एक आठवण हवी होती. यांनी अटी घातल्या: ध्वनिमुद्रण आमचा मार्टिन बर्च करणार, आम्हाला पसंत पडलं तरच निघणार. पुढे टेपा जुळवायची वेळ आली तेव्हा पाचांपैकी दोघेच आले, बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवाला इयन पेस. पहिल्या रात्रीचं एकच गाणं निवडलं गेलं, ते हे धुराचं. चार गाणी १६ तारखेची, दोन टोकियोची. म्हणजे जो श्रोतृवर्ग आपण एका बैठकीत ऐकतो तो एका छताखाली कधी बसलाच नव्हता. ओसाकाच्या टाळ्या थांबतात आणि पुढच्या गाण्याला टोकियोची माणसं ऐकू येतात; मधलं अंतर त्यांना ठाऊक नाही, आपल्यालाही जाणवत नाही. शिवाय वेष्टनावरचा फोटो जपानातला नाहीच. तो लंडनमधला. ‘मेड इन जपान’ ही अक्षरं घड्याळाच्या पाठीवर दिसली की ते घड्याळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना उलटं करून दाखवायचा तो काळ होता. या एका जपानी मालाच्या दर्शनी भागावर लंडन होतं, आणि कुणाची तक्रार नव्हती.

आमच्याकडे ती आली कॅसेटवर, मित्राच्या मोठ्या भावाकडून. नव्वद मिनिटांची कॅसेट या अल्बमच्या मापाचीच जणू केलेली. दोन्ही तबकड्या मिळून शहात्तर मिनिटांच्या, एका बाजूला एक बसते आणि शेवटी थोडी रिकामी फीत उरते. दादाची कॅसेट मात्र कोरी नव्हती. तिच्यावर आधी रेडिओवरून काहीबाही उतरवून घेतलेलं होतं, आणि नवं भरल्यावर शेपटाकडचं जुनं तसंच राहिलं होतं. त्यामुळे वीस मिनिटांचं ‘स्पेस ट्रकिन’ कोसळून थांबायचं, ओसाका टाळ्यांनी दणाणून जायचं, खट्‌ असा आवाज यायचा, आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या बाई शांतपणे धरणांतला पाणीसाठा सांगू लागायच्या. खडकवासल्यात पाणी वाढलं म्हणून जपानी माणसांनी एवढा जल्लोष केला, अशी माझी काही काळ खरोखरच भावना होती. पुढे मी पैसे साठवून मूळ एलपी घेतली. टाळ्यांनंतर तिच्यात नुसती खरखर आहे. दर वेळी पाणीसाठा कळायचा राहून गेल्यासारखं वाटतं.

खरखरीवरून ‘लाइव्ह ॲट लीड्‌स’ आठवायलाच हवी. ‘द हू’ या बँडने अमेरिकेच्या दौऱ्यातल्या टेपांचा ढीग जमवला होता. तो ऐकत बसायचा पीट टाउनशेंडला इतका कंटाळा आला की त्याने सगळं जाळून टाकायला सांगितलं. मग १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्‌स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे पोरांच्या जेवणाच्या दालनात, त्यांनी पुन्हा वाजवलं. एका वायरीत दोष होता. टेपमध्ये चट्‌चट्‌ शिरली. बँडने काय करावं? तबकडीच्या लेबलावर हाताने लिहिलं की हे आवाज असेच आहेत, दुरुस्त करू नयेत. वेष्टनही चोरून छापलेल्या रेकॉर्डसारखं, साधं तपकिरी, वर शिक्का. वायरीचा दोष हाच जणू घराण्याचा अलंकार. पुढे १९९५ साली सीडी निघाली तेव्हा यंत्राने ती चट्‌चट्‌ काढून टाकली, आणि तसं अभिमानाने छापलंही. मी ती सीडी ऐकली. सगळं स्वच्छ होतं. कीथ मूनचे ड्रम्स आधीपेक्षा जवळ आले होते. तरी जिथे चट्‌ व्हायचं तिथे माझा कान थोडा पुढे झुकला, आणि काही झालं नाही म्हणून अवघडून मागे आला.

या झुकण्याचंच मला खरं अप्रूप आहे. लाइव्ह म्हणजे त्या क्षणी सुचलेलं. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर एका रात्री जे वाजवायचा ते दुसऱ्या रात्री तसंच वाजवायचा नाही, आणि म्हणून तर लोक जायचे. पण ज्या रात्री टेप चालू होती त्या रात्रीचं सुचणं कायमचं अडकून पडलं. मग पुण्या-मुंबईतल्या पोरांनी कॅसेट मागेपुढे करून, बोटांना घट्टे पाडून, ते अडकलेलं सुचणं स्वर न्‌ स्वर पाठ केलं. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका गुणी मुलाने ऐन भरात स्वतःला सुचलेल्या चार जागा घेतल्या, तर मागून दोन-तीन आवाज एकदम आले, “चुकला!” त्याने मान खाली घालून पुन्हा मूळ संहिता धरली. इतकी कडक घोकंपट्टी आम्ही पाढ्यांचीही केली नसेल. आणि ती कशाची, तर उत्स्फूर्ततेची.

मी काय वेगळा आहे? ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये गिलनचा आवाज आणि ब्लॅकमोरची गिटार एकमेकांना अडवत जातात. गिटार एक तुकडा टाकते, गळा तोच तुकडा उचलून परत करतो. ती आणखी आडवळणाचा टाकते, हा तोही फेडतो. कुणीतरी हसतं. सवाल-जवाब आपल्याला काही नवे नाहीत. मैफिलीच्या जुन्या टेपा जपणाऱ्यांना तर हा खेळ सांगायलाच नको. गवयाची तीन मिनिटांची तबकडी त्यांच्या कपाटात असते आणि मैफिलीची टेप उशाशी, कारण टेपमध्ये तंबोरे जुळतात, कुणी खोकतं, आणि एखादी जागा अशी येते की समोरचा कुणी अनामिक रसिक ‘वा’ म्हणायचंही विसरून नुसता सुस्कारा टाकतो. ओसाकातल्या त्या खेळात कोण कधी हसणार, कुणाची शिट्टी गिटारच्या आधी येणार, हे मला आता इतकं पाठ आहे की ती शिट्टी येण्याच्या बेताला मी चहाचा कप खाली ठेवतो. माझ्या मते या रेकॉर्ड्‌सची सगळी मोहिनी तिथे आहे. वाजवणारे पाच जण नावाजले, त्यांच्यावर पुस्तकं निघाली. पण ते वाजवणं कुणाच्या तरी अंगावर काटा आणत होतं, याची साक्ष फक्त त्या शिट्टीवाल्याची आहे. स्टुडिओतल्या गाण्याला साक्षीदार नसतो.

ड्रम सोलोबद्दल मात्र माझं माझ्याशीच दुमत आहे. ‘द म्यूल’ साडेनऊ मिनिटांचं, आणि त्यातला मोठा भाग एकटा इयन पेस. सभागृहात अशा वेळी उठून पाय मोकळे करता येत असतील. घरात तर कुणीच अडवत नाही, सुई उचलून पुढे ठेवली की झालं. तरी मी बसून राहतो. समोर एक माणूस घाम गाळतोय आणि आपण उठून जायचं, हे बरं दिसत नाही. तो घाम बहात्तर सालीच वाळला, हे समजतं. पण भीड समजुतीला जुमानत नाही.

आता यातल्या लबाड्या. ‘किस’ची १९७५ची ‘अलाइव्ह!’ ऐकून वाटतं की छत आता पडणार. पुढे कळतं की तिच्यातलं बरंच काही नंतर स्टुडिओत बसून पुन्हा वाजवलेलं आहे. थिन लिझीच्या १९७८च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल तर निर्माता टोनी विस्कॉन्टी म्हणतो की तीनचतुर्थांश भाग मागाहून भरला, आणि बँडवाले म्हणतात, छे, तसं काही नाही. भाऊबंदकीतल्या वादासारखा हा वाद चालू राहील आणि निकाल लागणार नाही. लागू नये असंच मला वाटतं. फिल लिनट गर्दीशी बोलतो तो लाघवीपणा कुठल्या खोलीत बसून भरता येण्यातला नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

आणि चीप ट्रिक. १९७८च्या एप्रिलमध्ये हे अमेरिकन बुदोकानला गेले. १९६४च्या ऑलिंपिकमधल्या ज्यूदोसाठी बांधलेलं हे सभागृह; पैलवानी सोडून ते गिटारींच्या नादाला लागलं ते साठच्या दशकात बीटल्सनी वाजवल्यापासून. मायदेशी या पोरांना फारसं कुणी विचारत नव्हतं. जपानात मुली अशा किंचाळल्या की तबकडीवर काही ठिकाणी बँडला त्यांच्या मधून वाट काढावी लागते. फक्त जपानसाठी काढलेली ती रेकॉर्ड बोटीने अमेरिकेत पोचू लागली, आणि एवढ्या मुली उगाच किंचाळणार नाहीत, असा विचार तिकडच्यांनीही केला असावा. १९७९मध्ये ती तिथे रीतसर निघाली आणि घरच्यांनी त्यांना ओळखलं.

आपल्याकडे असं काही मुद्रित झालं नाही. होता होता राहिलं म्हणावं तर तेही नाही. १९७२च्याच ऑक्टोबरात लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट जपानातले कार्यक्रम आटोपून मुंबईला आले. इथल्या वादकांबरोबर त्यांनी स्टुडिओत दोन गाणी केली. ती २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आली. पण एका रात्री ते कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात शिरले आणि हाताशी आलेल्या वाद्यांवर वाजवू लागले. त्या रात्रीची तबकडी नाही. टाळ्या नाहीत, खोकला नाही, वायरीची चट्‌चट्‌ नाही. आहेत ती फक्त ‘मी होतो तिथे’ म्हणणारी माणसं, आणि ती सगळी खरं बोलत असतील तर क्लबाच्या भिंती रबराच्या असल्या पाहिजेत.

त्यातले एक दादरला राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे, कानाला यंत्र आहे. मी कधी गेलो की थोड्या वेळाने विषय तिकडे वळतोच. प्लँटने वरचा सूर लावला तेव्हा मी शिट्टी मारली, अशी, असं म्हणून ते कवळी जागच्या जागी दाबून बसवतात, दोन बोटं जिभेखाली घालतात आणि डोळे मिटून अशी काही शिट्टी घालतात की गॅलरीतली कबुतरं उडतात. पन्नासहून अधिक वर्षांत तिच्यात फरक पडला नसेल. पडला असेल तरी पडताळायला दुसरी प्रत नाही. मी खुर्चीतच टाळ्या वाजवतो. आतून वहिनींची हाक येते, “अहो, तिसरी ना ही? गॅस बंद करू?”