मॉडेल बघून ठेवलंय

बऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादेत डीजे व्हायचं ठरवलेला पोरगा ओळखणं सोपं आहे. त्याच्याकडे गाणी मिसळायचं मशीन नसतं. बाकी सगळं असतं. नावाआधी ‘डीजे’ लागलेलं असतं, नावामागे बऱ्हाणपूरची तीन इंग्रजी अक्षरं, आणि मधे आईबापांनी हौसेनं ठेवलेल्या नावाचा जेमतेम उरलेला तुकडा. लोगो तयार असतो, त्यात हेडफोन घातलेला सिंह असतो. गाण्याच्या मधेच घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव यावं म्हणून ‘टॅग’ही पैसे देऊन करून घेतलेला असतो, तो वाजवायला गाणंच काय ते राहिलेलं असतं. मशीनचं विचारा, उत्तर ठरलेलं: “घ्यायचंय ना भाऊ, मॉडेल बघून ठेवलंय.” केळीचे पैसे आले की घेणार. केळीचे पैसे येतात तेव्हा भाव पडलेला असतो, नाहीतर वादळानं बाग आडवी झालेली असते. आणि ज्या वर्षी भाव बरा मिळतो, त्या वर्षी नेमकं नवीन मॉडेल येणार असतं, म्हणून हा थांबतो.

याला आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. पायोनियरच्या डीडीजे-४०० नंतर एफएलएक्स-४ आलं त्यात काय वाढलं, हर्क्युलिसच्या इन्पल्समध्ये नवशिक्यासाठी कोणते दिवे लागतात, न्यूमार्कचं मिक्सट्रॅक कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. एवढा अभ्यास बारावीला केला असता, तर बारावीचा विषय एव्हाना मिटला असता. मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते, निवडण्यात कधीच चूक ऐकू येत नाही, तिथे. यंत्र घरी आणलं की त्याच संध्याकाळी पहिली दोन गाणी एकमेकांत मिसळावी लागतात, ती मिसळत नाहीत, आणि ते घरातल्या सगळ्यांना कळतं. यंत्र येईपर्यंत मात्र तो पंचक्रोशीतला सर्वोत्तम डीजे असतो. निदान तसं नाही हे कुणाला सिद्ध करता येत नाही. मॉडेलची तुलना हा त्याचा रियाजच होऊन बसलेला असतो. त्यात बेसूर होण्याची सोय नाही.

खरं तर शिकायला लागतं फार थोडं. एक गाणं लोकांना ऐकू येत असताना दुसरं फक्त आपल्या कानात ऐकता यावं, ही मूळ गरज. म्हणून मशीन दोन चॅनलचा साधा कंट्रोलर असलं तरी पुरतं, मात्र त्यात हेडफोनची वेगळी वाट असलेलं साउंड कार्ड आतच हवं. वेगाची पट्टी जितकी लांब तितकी बरी, कारण बोटाच्या केसभर हालचालीनं गाणं किंचित पुढे-मागे करायचं असतं. टेक्निक्सच्या १९७९ सालच्या प्रसिद्ध टर्नटेबलवर ही पट्टी उणे आठ ते अधिक आठ टक्के एवढीच होती. म्हणजे मिनिटाला शंभर ठोक्यांचं गाणं ब्याण्णव ते एकशे आठच्या मधेच फिरवता येई. तेवढ्यावर दुनिया नाचली. आपला गडी मात्र रंगीत पॅड किती हे मोजतो. हेडफोन घेताना तर तो हमखास ब्लूटूथचा पसंत करतो, कारण गळ्यात वायर दिसली की रील चांगलं येत नाही. ब्लूटूथचा आवाज कानात उशिरा पोहोचतो. ठोका जुळवण्याच्या कामात तेवढा उशीर म्हणजे सगळं मुसळ केरात.

सॉफ्टवेअरचा घोळ आणखी गमतीचा. सल्ला देणारा मित्र रीमिक्स बनवत असतो, म्हणून हा आधी एफएल स्टुडिओ उतरवून घेतो. ते गाणं तयार करण्याचं साधन. तयार गाणी समोरच्या माणसांसाठी एकामागून एक वाजवणं हे काम वेगळं. हे कळेपर्यंत लॅपटॉपवर ‘क्रॅक’ केलेली चार सॉफ्टवेअरं बसलेली असतात, आणि त्यांच्याबरोबर आगंतुक आलेले व्हायरसही. पैसे नाहीत, मग क्रॅक नाही करणार तर काय, असा त्याचा सवाल असतो. पैसे नसतात हे खरं आहे. पण मिक्स्क्स नावाचं सॉफ्टवेअर उघडपणे फुकट आहे, त्यात शिकण्यापुरतं सगळं आहे, आणि साध्या कंट्रोलरबरोबर सेराटोची हलकी आवृत्ती किंवा रेकॉर्डबॉक्स बहुधा मिळतंच. त्याला ते नको असतं. फुकट आणि कायदेशीर, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, ही त्याची ठाम समजूत.

यावर त्याचा सर्वांत मोठा मुद्दा येतो: सिंकचं बटण. दाबलं की दोन्ही गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात, मग कानाची कटकट कशाला? युरोपातल्या क्लबात हा मुद्दा बराचसा टिकेल, कारण तिथली गाणी यंत्रावर बनतात आणि पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एका चालीत चालतात. जैनाबादच्या वरातीत मात्र तो मार खातो. इथे मागणी कशाची? जुन्या सिनेमातल्या गाण्यांची, बँडच्या चालीची, हलगीची, रावेर-जळगावकडून येणाऱ्या अहिराणी गाण्यांची. जिथे माणसं वाजवतात तिथे रंग चढला की चाल वाढते, दम लागला की उतरते. सॉफ्टवेअर त्यावर सरळ रेषांची जाळी टाकतं आणि ती हमखास घसरते; कधी तर ठोके निम्मे किंवा दुप्पट मोजले जातात. मग स्क्रीनवर दोन्ही गाणी जुळलेली दिसतात, आणि कानाला टांग्याचा घोडा लंगडत चालल्यासारखं ऐकू येतं. नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. नवरदेवाचा मामा वळून डीजेच्या गाडीकडे बघतो. त्या क्षणी एका हातानं हेडफोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं ते गाणं पुढे ढकलणारा माणूसच लागतो. तात्पर्य असं, की बर्लिनच्या डीजेपेक्षा तापीकाठच्या डीजेला कान जास्त लागतो. आणि उपकरण निवडताना आपला गडी नेमका त्याचाच हिशेब धरत नाही.

आता जाणकारांचा आक्षेप. इकडे डीजे म्हणजे गाडी, असं ते म्हणतील. पिकअपवर रचलेले बेसचे डबे, वर टॉप, मागे जनरेटर, पुढे शार्पीचे झोत. लोक भाडं देतात ते डब्यांचं, मिसळण्याचं नाही. आक्षेप वजनदार आहे, शब्दशः. इतिहासही त्यांच्या बाजूनं साक्ष देईल: ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या डीजे कूल हर्कच्या पार्टीपासून हिपहॉपचा जन्म मानतात, तोही दणदणीत डब्यांसाठीच प्रसिद्ध होता. पण डबे त्याच्या स्पर्धकांकडेही होते. नाव त्याचं राहिलं, ते एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून नाचायचा तुकडा त्यानं लांबवला म्हणून. शिवाय डब्यांचा धंदा आता सरकारच्या मर्जीवर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं ध्वनिक्षेपक आणि डीजेवर कडक निर्बंधांचा आदेश काढला. त्याआधी २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा होतीच. पंचावन्न डेसिबलमध्ये वरात काढायची, तर वऱ्हाडानं कुजबुजतच नाचावं लागेल. मुद्दा एवढाच, की कर्ज काढून घेतलेले डबे ठाण्यात जमा होऊ शकतात आणि हप्ता चालू राहतो. गाडी घेणारा ठेकेदार होतो, त्यात वाईट काही नाही. पण मग त्यानं स्वतःला ठेकेदार म्हणावं, आणि वाजवायला येणारा ऑपरेटर दुसऱ्या गावाहून बोलवावा. बहुतेक गाडीवाले तेच करतात.

गावाला डब्यांवाचून जिंकण्याची पूर्वपरंपरा नाही असंही नाही. याच जैनाबादेतल्या आहूखान्याच्या बागेत, १६५३ च्या सुमारास, हिराबाई नावाच्या गायिकेवर शहजादा औरंगजेब भाळला, असं जुन्या फारसी बखरी सांगतात. गावाच्या नावावरून ती पुढे ‘जैनाबादी’ म्हणूनच ओळखली गेली. नंतर दरबारातलं गाणं बंद करणाऱ्या माणसाला ज्या बाईनं जिंकलं, तिच्याकडे बेस नव्हता, टॉप नव्हता, सिंहाचा लोगोही नव्हता.

तेव्हा, घरात असा पोरगा असेल तर त्याला गाडीसाठी बाग गहाण ठेवून देऊ नका, आणि रागावूही नका. जुना लॅपटॉप द्या, दोन चॅनलचा स्वस्तातला, वापरलेला चालेल, असा कंट्रोलर द्या, आणि हेडफोन वायरवालाच द्या. नवीन मॉडेल येतंय असं तो म्हणेल, येऊ द्या. पहिले दोन महिने जे वाजेल ते ऐकवणार नाही, म्हणून मागच्या खोलीचं दार लावून घ्या, पण त्याला वाजवू द्या.