निळ्याचं लाल

निळा लिटमस लाल करतं ते आम्ल, लाल लिटमस निळा करतो तो आम्लारी. हे मी शाळेत इतकं घोकलंय की झोपेतून उठवलंत तरी बिनचूक म्हणेन. लिटमस मात्र पाहिला नव्हता. तो प्रयोगशाळेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात.

तो हाती आला थेट पंचेचाळिसाव्या वर्षी, जबल अलीत. जबल म्हणजे अरबीत डोंगर. आमच्या बाल्कनीतून तो अजून मला दिसलेला नाही. बंदराच्या क्रेन तेवढ्या दिसतात. चिरंजीवांना गृहपाठ होता: घरातले दहा पदार्थ तपासा, तक्ता करा. सोबत दोन चिमुकली पुस्तकं, एक निळं, एक लाल. कंडक्टरनं एसटीचं तिकीट फाडावं तशी एकेक पट्टी फाडायची.

शनिवारी ओट्यावर वाट्या मांडल्या. लिंबू लाल. चिंचेचा कोळ लाल. कोकमाचं आगळ मुळातच इतकं लाल, की कोणामुळे कोण लाल झालं यावर बापलेकाची जुंपली. नळाच्या पाण्यानं काहीच केलं नाही. हे पाणी म्हणजे मीठ काढलेला समुद्र. त्याच्याकडून माझ्या जास्त अपेक्षा होत्या. पण लिटमस साधारण 4.5 पीएचच्या खाली लाल, 8.3च्या वर निळा. अधेमधे तो घरजावयासारखा कोणाचीच बाजू घेत नाही.

मग पापडखार. पट्टी ढिम्म. दोन महिन्यांसाठी आलेली माझी आई लांबून बघत होती. "अरे, ओला कर की! कोरड्या जिभेला कधी चव लागते का?"

भिजवला, आणि लाल पट्टी निळी झाली. मग मी मुलाला ऐकवलं, की 'अल्क' हा शब्द मूळचा अरबी, अल-कली. खाऱ्या झुडपांच्या राखेला म्हणायचे. म्हणजे शब्द इकडचा, पापडखार पुण्याहून बॅगेतून आलेला. मुलानं जांभई दिली. मग आईकडे वळलो: लिटमस लायकेनपासून काढतात, आणि तुझ्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच. तिनं पट्टी नाकाशी धरली. "वास कुठाय? शिळं असेल."

या गडबडीत सकाळच्या पोह्यांचा डाग माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर असल्याचं लक्षात आलं. साबण चोळला. डाग लालभडक! मी ओरडलो, बायको धावली, आई मात्र हसत बसली. "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, एवढं ठाऊक नाही? आमच्याकडे घरी करायचे."

लिंबू पिळलं, डाग पिवळा. साबण लावला, लाल. पुन्हा लिंबू. लिटमसची पुस्तकं बाजूला पडली आणि आजी-नातू माझ्या शर्टाला घेऊन बसले. माझ्या अंगातून तो कधी उतरवला गेला, ते नीटसं आठवत नाही.

सोमवारी सकाळी वही पाहिली. नऊ ओळींत नऊ ओल्या-सुक्या पट्ट्या. दहाव्या ओळीत 'हळद', आणि तिच्यापुढे माझ्या खिशाचा चौकोन, चारी बाजूंनी नीट कातरून डकवलेला.

"शर्ट गेलाच होता," आई म्हणाली. "बटणं काढून ठेवलीत."