बेडकांचं अडलंय

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी दोन प्रकारचे. एक भजनाला लागतात, दुसरे लोकांचं मराठी सुधारायला. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात दुसऱ्या प्रकारातले एक आहेत. त्यांचा विषय एकच, समूहदर्शक शब्द. जगात एकाहून जास्त असं जे जे आहे, त्याला हक्काचा शब्द मिळालाच पाहिजे.

नारायणगावला कोथिंबिरीचा लिलाव शेकडा जुड्यांवर चालतो. अख्खा बाजार दराकडे कान लावून, गुरुजी शब्दाकडे. कुणी 'गड्डी' म्हणालं की यांचं खाकरणं ठरलेलं. "जुडी म्हणा! गड्डी कोबीची." एका द्राक्षबागायतदारानं कौतुकानं घड दाखवले. "घोस! घड केळ्यांचा." तो म्हणाला, "गुरुजी, घडकुजीला घोसकूज म्हटलं तर दुकानात औषध मिळायचं नाही." मेंढपाळानं रात्री वाड्यात बिबट्या शिरल्याचं सांगितलं, तर यांचा पहिला प्रश्न, "कळपात ना?" तो शांतपणे म्हणाला, "कळप तुमच्या शाळेत, गुर्जी. आमच्यात वाडाच." बिबट्या मात्र गुरुजींचा लाडका. एकटा राहतो, शब्द मागत नाही. उसात मादी आणि तिची पिल्लं सापडली तेव्हा थोडी पंचाईत झाली. "ते कुटुंब," असा निकाल देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं.

मृग बरसला की मात्र गुरुजींची झोप उडते. आहुप्याकडच्या भातखाचरांत बेडूक जमतात. हळदीसारखे पिवळेजर्द नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. ओरडणारे सगळे नरच आणि ज्याची त्याची हाक आपापल्या मादीसाठी. गुरुजी बांधावर छत्री धरून उभे. थवा म्हणावं तर उडत नाहीत. कळप म्हणावं तर चरत नाहीत. वृंद म्हणावं तर दोघांचा सूर जुळत नाही. चौथीतल्या एका पोरीनं 'संमेलन' सुचवलं. गुरुजी हरखले, पण क्षणभरच. संमेलनाला अध्यक्ष एक असतो, इथे सगळेच.

बेडूक तराजूत तोलता येत नाहीत, हे आपण आघाडी सरकारांच्या निमित्तानं नेहमी ऐकतो. व्यापाऱ्यांनी मात्र ते तोलले. आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या टनावारी परदेशी जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. बेडूक वाचले याचा गुरुजींना आनंदच आहे, पण 'टन' हा काही समूहदर्शक शब्द नव्हे, असंही ते लगेच बजावतात.

तुम्हाला एखादा शब्द सुचलाच, तर सकाळी घोडेगावच्या एस.टी. स्टँडवर गुरुजी भेटतात. फक्त 'झुंड' म्हणू नका. ती त्यांनी कुत्र्यांना दिलीय, आणि दिलेला शब्द गुरुजी परत घेत नाहीत.