सात किलोंचा संसार

भाचीचं लग्न डिसेंबरात, नागपूरला. पुण्याहून नागपूर म्हणजे आमच्या घराण्यात रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर गरीबरथ. तिसरा मार्ग कोणी काढला नव्हता. या वेळी पुतण्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "काका, विमान. ३,१९९ रुपये. सव्वा-दीड तासात सोनेगाव विमानतळ!"

तिकीट काढायला बसलो आणि मोबाइलच्या प्रत्येक पानावर कोणीतरी हात पसरून उभं. खिडकी हवी? पैसे. पाय लांब करायचेत? पैसे. मधली सीट, जी आजवर कोणीही आपणहून मागितलेली नाही, तिचेही पैसे. शेवटी 'कन्व्हिनियन्स फी'. म्हणजे माझ्या घरात, माझ्या मोबाइलवर, माझा चष्मा लावून मी त्यांचं काम केलं, त्याबद्दल मीच भरलेला दंड. ३,१९९ चे ४,०४२ झाले.

कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली तेव्हा स्वस्त तिकिटापायी विमानातलं फुकटचं जेवण गेलं. मग हळूहळू हवी ती सीट गेली, आणि २०२१ पासून बॅगही वेगळी विकायची मुभा मिळाली. आमचं तिकीट या शेवटच्या जातीचं, बिनसामानाचं. हातात एक बॅग, वजन ७ किलो. त्याउपर जो काय तो तुमचा आणि तुमच्या खिशाचा प्रश्न.

७ किलोंत लग्न करून येता येतं, असं मला वाटलं होतं. पण पुतण्याने माझा 'स्मार्ट' प्रवास पलंगावर मांडला. टॅब, टॅबचा चार्जर, मोबाइलचा चार्जर (पिन वेगळी), घड्याळाचा चार्जर (याला पिनच नाही, लोहचुंबक आहे), गळ्यात घालायचा नेकबँड, दाढीचा ट्रिमर आणि वीट म्हणून भिंतीत बसवता येईल अशी पॉवर बँक. "सगळं एकदम हलकं आहे, काका." हलकं हलकं मिळून पावणेतीन किलो झालं. चाकांची बॅग रिकामीच अडीच किलो. उरलेल्या पावणेदोन किलोंत मी, माझी अब्रू, आहेराची साडी आणि ओटीसाठी हिने दिलेल्या खोबऱ्याच्या पाच वाट्या.

हे सगळं मोजायला आणखी एक यंत्र आलं : ४४९ रुपयांचा, हुकाचा डिजिटल वजनकाटा. संध्याकाळभर घरात दुसरा उद्योग नाही. बॅग मोजली. कुकर मोजला. शेजारचं बाळ दुपट्याच्या झोळीत घालून मोजलं, ७.२ भरलं, म्हणजे केबिनमध्ये चाललं नसतं. बॅग मात्र ६.९. मी तो आकडा सगळ्यांना दाखवला आणि शांत झोपलो.

लोहगाव विमानतळावर कंपनीच्या मुलीने बॅग तिच्या काट्यावर ठेवायला लावली. ७.८.

"सर, वजन जास्त आहे."

"तुमचा काटा जास्त आहे."

आता हे वाक्य मी आयुष्यभर भाजीवाल्यांना, रद्दीवाल्यांना आणि एका सोनारालाही म्हणत आलोय. जीभ आपोआप वळली. मी खिशातून स्वतःचा काटा काढला. मागच्या रांगेत एकदम जान आली. बॅग हुकाला अडकवली, दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली, काटा किंचित थरथरला (म्हणजे मी थरथरलो) आणि पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं उमटली.

"बघा! 'लो'! स्वतः यंत्र सांगतंय, वजन कमी आहे!"

"काका," ती म्हणाली. 'सर'वरून 'काका'वर आली, तेव्हाच मी हरलो होतो. "त्याचा सेल संपलाय."

मागचे एक गृहस्थ इतके हसले की त्यांची बॅग गडगडत पुढे गेली. मनगटावरचं घड्याळ त्याच क्षणी थरथरलं. हातवारे करत भांडलो त्याची त्याने दोनशे पावलं धरली होती आणि वर 'दीर्घ श्वास घ्या' असा सल्ला.

जादा वजनाचे पैसे ऐकले आणि निर्णय झाला. बॅगेचं वजन होतं, माणसाचं होत नाही. लग्नातला कोट बाहेर काढून अंगावर चढवला. आतल्या खिशात टॅब, उजवीकडे पॉवर बँक, डावीकडे चार्जरांचं भेंडोळं, वरच्या खिशात रुमालाच्या जागी ट्रिमर. बॅग सातच्या पार आत. मी स्वतः किती, ते कोणी विचारलं नाही. फक्त चालताना खुळखुळत होतो.

शंभर पावलांवर सुरक्षा तपासणी. "कोट निकालिए. सब ट्रे में." चार ट्रे लागले. टॅब, वायरी, ट्रिमर, मागे घडी घातलेला कोट : पट्ट्यावरून माझं रुखवत निघालं होतं, आणि बघायला वरपक्षही भरपूर. जवानाने हुकाचा काटा उचलला. "ये क्या है?" म्हटलं, बॅग तौलने का. तो थंडपणे म्हणाला, "तो तौल के क्यों नहीं लाए?"

पॉवर बँक त्याने उलटून छापलेले आकडे वाचले आणि परत दिली. तिचं गणित पुतण्याने मला पाठ करून दिलं होतं : २०,००० गुणिले ३.७, भागिले हजार, म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत चालतं. ती हातातच न्यायची, कारण पेटली तर निदान कोणाला दिसेल. विमानाच्या पोटात पेटली तर दिसायचीही नाही. अडलं ते खोबरं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. आमच्या फडताळात बत्तीस वर्षं हा स्फोटक साठा आहे आणि आम्ही त्याची चटणी करतो! एक वाटी तिथेच चावून खाल्ली. उरलेल्या चार सोडल्या.

गेटवर पोचलो तर मोबाइल एक टक्क्यावर, आणि बोर्डिंग पास मोबाइलमध्ये. पॉवर बँक रात्रभर घड्याळ, नेकबँड आणि टॅबला दूध पाजून स्वतः उपाशी. भिंतीतल्या चार्जिंगच्या भोकांभोवती दुष्काळातल्या टँकरसारखी गर्दी. एका कॉलेजातल्या मुलीने स्वतःची वायर काढून मला जागा दिली. तिचं कल्याण होवो. विमानात चढेपर्यंत मी त्या भिंतीला दोरीने बांधल्यासारखा उभा होतो.

वर गेल्यावर काही विशेष नाही. मधली सीट, दोन्ही हातटेकू दुसऱ्यांचे. चकलीची पिशवी फुगून उशी झाली. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते आणि कळसूबाई साडेपाच हजारांच्या आतच. म्हणजे पायपीट न करता, घाम न गाळता आम्ही कळसूबाईच्या वर चकली खात होतो. टॅब काढायला कोपर हलवायला जागा नव्हती. तो नागपूरपर्यंत कोटातच राहिला.

उतरल्यावर मोबाइल सुरू केला. पहिला निरोप ताईचा : "खोबरं आणलंस ना?"

परतीचं तिकीट गरीबरथचं काढलंय. थर्ड एसीत ४० किलो सामान फुकट, आणि मी तरी कोणाला तिथे काटा घेऊन उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. माझा हुकाचा काटा कोणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा. येताना दोन पेन्सिल सेल तेवढे आणा.