सरळ शिवणारं मशीन वाकडं कसं चालवावं

फ्री-मोशन एम्ब्रॉयडरी शिकायचं ठरवलंत? अभिनंदन. घरच्यांना एवढ्यात सांगू नका.

१. जुनं सिंगर मिळवा. आजीचं माळ्यावर असेलच. मावशीने ते भंगारात दिलं असेल, तर तिच्याशी अबोला धरा आणि पुण्याचा जुना बाजार गाठा. काळं अंग, त्यावर सोनेरी नक्षी दिसली की घासाघीस करायची शुद्ध राहत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

२. सीरियल नंबरवरून साल काढा. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं निघालं, तर दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही सांगा. तो कारखाना १९८० साली बंद पडला, हे सांगताना आवाज जड करा. शिवण अजून सुरू झालेली नाही, पण घाई कुणाला आहे?

३. आता मुख्य काम. सुईखालचे दाते कापड सरळ पुढे नेतात. इतकी वर्षं इमानेइतबारे नेत आले. ते निकामी करा. सिंगरच्या १५-९१ मॉडेलमध्ये ते स्क्रूने खाली जातात, जुन्या ६६ मॉडेलवर पत्रा बसवून झाकावे लागतात. मग कापड दाबणारा पायही काढा. कापड धड नेणारं आता काहीच उरलं नाही ना? छान. यापुढची काही वर्षं तेच काम हाताने जमवायचं आहे.

४. कापड रिंगमध्ये नेहमीपेक्षा उलटं ताणा, म्हणजे ते मशीनला टेकेल. पाय काढला असला तरी त्याची दांडी खाली करा, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण राहत नाही आणि कापडाखाली गुंता होतो. विसराल. सगळेच विसरतात. बोटही एकदा सुईखाली जाईल. सुरुवातीला लाल दोराच वापरा.

५. वेग पायाने, दिशा हाताने. पाय जोरात आणि हात हळू, की टाक्यांचा गठ्ठा. पाय हळू आणि हात जोरात, की सुई मोडली. दोन्ही जुळले, की बॉबीन संपली.

६. मोर काढा. बदक येईल. फ्रेम करा.

७. नाक्यावरचा एम्ब्रॉयडरीवाला असल्याच उघड्या सुईखाली, फोनवर भांडत, डॉक्टरांच्या कोटावर नाव काढतो आणि अक्षरामागे पैसे घेतो. सरावाच्या काळात त्या बाजूला फिरकू नका. पुढेमागे गेलात, तर मोर त्याच्याकडूनच काढून आणा. खाली सही मात्र स्वतः भरा. ती इतकी वाकडी येईल, की कुणाला संशय येणार नाही.