जायफळाचा एक वेढा

"आजोबा, जायफळाचा एक वेढा वाढवा," असे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस परवा दुपारी पावणेदोन वाजता दारात उभे राहून म्हणाले. "आत येत नाही, घाई आहे," असे सांगून खुर्चीवर ऐसपैस बसल्यावर त्यांनी अधिक खुलासा केला, तो असा की, आमच्या नातवाच्या रडण्याविषयी संस्थेच्या दफ्तरी तीन तोंडी तक्रारी दाखल झाल्या असून, त्यांची शहानिशा करता बालकाच्या घुटीत जायफळाचे प्रमाण अपुरे असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब सदरहू प्रमाण एका वेढ्याने वाढवून त्याची इत्तला संस्थेस द्यावी. मूल चाळीस दिवसांचे आहे. संस्थेच्या उपविधींत पाण्याची टाकी, वाहनांच्या जागा, पाळीव कुत्री आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया यांविषयी कलमे आहेत हे मला ठाऊक होते. परंतु सहाणेवरही संस्थेचा अंमल चालतो, ही माहिती मला नवीन होती.

वास्तविक चिटणिसांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. कन्या बाळंतपणाला माहेरी आली त्या दिवसापासून आमच्या जिन्याने जितकी मसलत वर चढली तितके पाणी डोंबिवलीच्या नळांनी वर चढविले असते तर टँकरवाल्यांचा धंदा बसला असता. पहिल्या मजल्यावरील काकूंच्या मते मुरडशेंगेचे दोन वेढे, हिरड्याचे पाच आणि वेखंडाचा एक. त्यांच्या समोरच्या काकूंच्या मते मुरडशेंगेचा एकच, कारण दुसऱ्या वेढ्याने त्यांच्या भाच्याचा स्वभाव कायमचा तिरसट झाला. तळमजल्यावर एक निवृत्त मोजणी अधिकारी राहतात; त्यांनी स्वतःच्या तिन्ही अपत्यांना हातात धरले ते केवळ बारशाच्या छायाचित्रापुरते, असे त्यांच्याच कुटुंबाचे बयान आहे; पण डिकेमालीच्या प्रश्नावर त्यांची मते इतकी जाज्वल्य आहेत की त्यापायी त्यांनी गेल्या आठवड्यात माझ्याशी बोलणे सोडले. काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, सागरगोटा, नागरमोथा, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम या प्रत्येकाला इमारतीत एकेक वकील आहे, आणि प्रत्येक वकिलाच्या मुखी एक अंक आहे.

हा जो अंक आहे, त्याचे एकक काय? वेढा म्हणजे सहाणेवर मुळी वा फळ एकदा वर्तुळाकार फिरविणे, एवढे सर्वांना मान्य आहे; त्यापलीकडे काहीच मुक्रर नाही. या देशात तोळा होता, तेव्हा बारा मासे म्हणजे एक तोळा आणि आठ गुंजा म्हणजे एक मासा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असे; पुढे 1956 च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, 1957 च्या एप्रिलात आणे-पै जाऊन नवे पैसे आले, शेर गेला, मण गेला, कोस गेला; पण वेढा मात्र कोणत्याही शासनाच्या हाती न लागता तसाच स्वतंत्र राहिला. कुतूहलापोटी मी आमच्या घरातील दोन सहाणा काढून प्रयोग करून पाहिला. एक सहाण आमच्या आजीची, मधोमध बशीसारखी खोलगट झालेली आणि इतकी गुळगुळीत की तिच्यावर जायफळ फिरविले असता ते झिजण्याऐवजी पॉलिश होऊन निघते; दुसरी यंदा बाजारातून आणलेली, जिच्यावर बोट फिरविले तर बोटच उगाळले जाईल. आजीच्या सहाणेवरचे दहा वेढे आणि बाजारच्या सहाणेवरचा एक, यांत जिंकला तो एक. बरे, वर्तुळ केवढे काढावयाचे? दोन इंच व्यासाच्या वेढ्याचा परीघ सव्वासहा इंच भरतो, चार इंच व्यासाच्या वेढ्याचा साडेबारा. म्हणजे हात सैल सोडणाऱ्या आत्याचा एक वेढा हा हात आखडून घेणाऱ्या मावशीच्या दोन वेढ्यांबरोबर होतो. त्यात मनगटाचा जोर मिळवा, फळाचा जुनेपणा मिळवा, उगाळणारीचे सासूशी त्या सकाळी काय बोलणे झाले तेही मिळवा, आणि मग सांगा की "दोन नको हो, एकच द्या" या वाक्याला अर्थ किती उरतो! मोजणी अधिकाऱ्यांनी उभी हयात साखळी टाकून शेतांचे बांध ठरविले. एका हाताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तेच गृहस्थ एका तान्ह्या जिवाच्या जठरात मात्र निव्वळ अंदाजाने हद्द कायम करावयास निघालेले पाहून, मोजणी खात्याविषयी माझ्या मनात जी यत्किंचित श्रद्धा शिल्लक होती तीही गेली.

आता एक गोष्ट कबूल करतो, जी आमच्या इमारतीत अद्याप कोणाला ठाऊक नाही आणि आज हे सदर वाचून ठाऊक होईल. आमच्या नातवाला घुटीचा एक थेंबही दिलेला नाही. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले की सहा महिने आईचे दूध, दुसरे काही नाही, वरचे पाणीसुद्धा नाही. आणि कन्येने ते ऐकले. घरात बोंडले आहे, ते फडताळात पालथे आहे. दोन्ही सहाणा माझ्या प्रयोगाखेरीज कोरड्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र शेजारधर्म म्हणून, येणाऱ्या प्रत्येकीला "देतो हो, देतो" असे सांगण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्या दोन शब्दांच्या पायावर सोळा बिऱ्हाडांनी शास्त्रार्थाची सात मजली हवेली उभी केली. ज्या जायफळाचे आजवरचे वेढे शून्य आहेत, त्यात एक वाढविण्याची तजवीज चालू आहे! मागल्या मंगळवारी मूल योगायोगाने अडीच तास शांत निजले, तर पहिल्या मजल्यावरून निरोप आला, "पाहा, वेखंड लागू पडलं." समोरच्या दारातून दुसरा आला, "मुरडशेंग कमी केलीत ना? वाटलंच." शासनाने 1992 साली कायदा करून बाळदुधाच्या डब्यांच्या जाहिरातींवर आणि फुकट नमुन्यांवर बंदी घातली, हे उत्तमच झाले, फुकट सल्ल्याचे नमुने घरोघर वाटणाऱ्यांना त्या कायद्यात कोणतेच कलम लागू होत नाही, ही त्यातली उणीव.

आणि तरीही मी हे सारे हसून सोडून दिले असते, कारण काकू मंडळींच्या सल्ल्यामागे काही ना काही माया असते, आणि अळिवाचे लाडू घेऊन येणाऱ्या बाईने वेखंडाविषयी दोन शब्द बोलावे हा तिचा हक्कच आहे. पण चिटणीस! चिटणिसांचे बिऱ्हाड बरोबर आमच्या डोक्यावर. तेथे गेले सत्तर दिवस फरश्या उखडण्याचे काम चालू आहे. सत्तर दिवसांत माणसे धरणाचा पाया खणतात. यांची दीड खोलीची मोरी अद्याप खणून होत नाही. सकाळी साडेनवाला ते भोके पाडण्याचे यंत्र सुरू होते, दुपारी एकला कारागीर जेवतात, पावणेदोनला पुन्हा सुरू होते, आणि ते सुरू झाले की आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांशी बोलू लागतात, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पाठ फिरवितो, आणि पाळण्यातला बाळकृष्ण दचकून, दोन्ही मुठी आवळून, निळा होईपर्यंत रडतो. दुपारी दोन ते चार या वेळेत काम करू नये, असा ठराव याच संस्थेचा आहे, त्याची नक्कल याच गृहस्थांच्या सहीने जिन्यात डकविलेली आहे, आणि तिच्यावर त्यांच्याच फरशीचा भुगा बसला आहे. रडणे ऐकून तीन बिऱ्हाडांनी तक्रार केली. तक्रार चिटणिसांकडे गेली. चिटणिसांनी रडण्याचे मूळ शोधले. आणि डोक्यावरचे यंत्र सोडून त्यांना ते सापडले कुठे, तर आमच्या सहाणेवर! अधिक मात्रेत जायफळ गुंगी आणते, हे तर आपल्या बायाबापड्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणजे ह्या माणसाची मागणी, तिच्यावरचा आजीबाईच्या बटव्याचा रुमाल बाजूला केला तर, एवढीच की माझी फरशी बसेपर्यंत तुमचे मूल गुंगीत ठेवा. चाळीस दिवसांचे मूल! फरशी इटालियन आहे, असेही त्यांनी जाता जाता सांगितले.

या सबंध चर्चेत माझ्या कन्येला कोणी काही विचारलेले नाही, हेही नमूद करून ठेवतो. ती पहाटे तीनला उठते, साडेचारला उठते, सहाला तर उठावेच लागते, कारण तोवर पहिली सल्लागार देवाची फुले तोडता तोडता डोकावून जाते. बाळाचे जावळ, बाळाची टाळू, बाळाची मान, बाळाचे नाक ओढून सरळ करणे, या विषयांवर तिला दिवसातून वीसदा बजावण्यात येते, "तू जेवलीस का?" हा प्रश्न मात्र चाळीस दिवसांत तिला दोनदाच विचारण्यात आला, आणि त्यांपैकी एकदा तो कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी विचारला. त्या बाईंना तीन मुले आहेत. त्यांनी घुटीविषयी एक अक्षर काढले नाही. पाळण्याजवळची लंगोटांची बादली उचलून मोरीत ठेवली आणि गेल्या.

चिटणिसांना मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. ते गेल्यावर डब्यातले चांगले टपोरे जायफळ निवडले, कागदात बांधले, आणि वर चिठ्ठी लिहून शेजारच्या मुलाच्या हाती रवाना केले: "सप्रेम नमस्कार. सोबतच्या फळाचे दोन वेढे गाईच्या दुधातून रोज दुपारी पावणेदोन वाजता कारागिरांस व आपणांस सुपूर्द करावेत. सहाण नसल्यास आमची न्यावी. नवी न्यावी, आजीची नको. पोहोच द्यावी."

पोहोच आली नाही. जायफळही परत आले नाही. रविवारी त्यांच्याकडे पुरणपोळ्या होत्या, आणि पुरणात जायफळ सढळ हाताने पडले होते, हे जिन्यात दरवळणाऱ्या वासावरून कळले. सोमवारी पावणेदोनला यंत्र सुरू झाले.